धाकट्याच्या दारातलं बाक

थोरल्यांच्या सलूनमधला आरसा मोठा आहे आणि तीच सगळी अडचण आहे. खुर्चीत बसलं की आरशात आधी आपलं डोकं दिसतं, डोक्यामागे दार, दारामागे रस्ता आणि रस्त्यापलीकडे धाकट्यांचं सलून. थोरल्यांची कात्री चालते आपल्या डोक्यावर आणि डोळा असतो आरशातल्या त्या सलूनवर. पलीकडे कुणी आत शिरलं की इकडे कात्री थबकते. धाकट्यांकडे गर्दी असेल त्या दिवशी माझा डावा कल्ला उजव्यापेक्षा वर जातो. मी काही बोलत नाही. माझं फोटो-फ्रेमचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे, आणि कल्ल्यावरून शेजाऱ्याशी वैर घेण्याइतका मी रिकामा नाही.

थोरले आणि धाकटे हे भाऊ नव्हेत, साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. धाकटा कात्री धरायला शिकला तो थोरल्यांच्याच हाताखाली. मुलगा कामाचा आहे, निर्व्यसनी आहे, म्हणून मेहुणीसाठी त्याचं स्थळ सुचवलं तेही थोरल्यांनीच. लग्न झालं, आणि वर्ष सरायच्या आत पठ्ठ्याने समोरच गाळा घेतला. तेव्हापासून थोरल्यांचं पोट जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

धाकट्याचा पंखा आवाज करत नाही, हे त्यांच्या डोळ्यांत खुपतं. धाकट्याकडे सकाळचं ऊन आत येत नाही, हेही खुपतं. सगळ्यात जास्त खुपतात ते धाकट्याचे केस. पन्नाशीला आला तरी डोक्यावर रान माजलेलं, आणि इकडे थोरल्यांच्या डोक्यावर कंगवा फिरवायला जागाच जागा. "गिऱ्हाईक आधी सलूनवाल्याचं डोकं बघतं," ते मला म्हणायचे. "त्याला भांडवल फुकटात मिळालंय."

पण खरी आग होती ती कराची. थोरले दुकानाचा कर पहिल्या आठवड्यात भरतात. लवकर भरला की थोडी सूट मिळते, आणि पावती आरशाच्या कोपऱ्यात खोचता येते, तीही अशी की दाढी करून घेणाऱ्याला ती वाचल्यावाचून सुटका नाही. केसांच्या कचऱ्याचा म्हणून पालिकेने वेगळा आकार लावलाय, तोही ते भरतात. कचऱ्याची गाडी मात्र केस घेत नाही. केस ओल्या कचऱ्यात बसत नाहीत आणि सुक्यातही बसत नाहीत, असं गाडीवाला सांगतो. मग थोरले दर आठवड्याला केसांचं पोतं सायकलला बांधून स्वतः डेपोवर नेऊन टाकतात. याला मी तरी कर म्हणत नाही, शिक्षा म्हणतो.

आणि धाकटे? त्यांना नोटीस आल्याशिवाय कर आठवत नाही. दंड चढतो, व्याज चढतं, आणि मग एके दिवशी पालिकेला दयेचा पाझर फुटतो. थकबाकीदारांसाठी माफी योजना निघते. दंड माफ, व्याज माफ, वर साहेब हसून पावती देतात. प्रामाणिक माणसाला चिमूटभर सूट आणि बुडव्याला पसाभर माफी! हे मी माझ्या पदरचं बोलतोय. मीही वेळेवर भरणारा मूर्खच आहे.

अशा सगळ्यात ते बाक आलं.

सकाळी पालिकेचा ट्रक आला. चार माणसांनी सिमेंटचं एक बाक उतरवलं आणि धाकट्यांच्या दारासमोर ठेवून दिलं. पाठीवर संगमरवरी पाटी, पाटीवर आमच्या नगरसेवकांचं नाव ठसठशीत, आणि खाली बारीक अक्षरांत खर्च. तो आकडा वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. तेवढ्या पैशात सागवानी पलंग आला असता, गादीसकट. थोरले अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून रस्ता ओलांडून गेले.

"हे इथंच का?" त्यांनी विचारलं.

"या बाजूचा फुटपाथ रुंद आहे," ट्रकवाला म्हणाला.

"पैसे माझ्या करातले, आणि बाक याच्या दारात?"

"काका, मी फक्त उतरवतो."

धाकटे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "दादा, बसा ना. पहिला मान तुमचा." थोरले बसले नाहीत. परत येऊन त्यांनी ती दाढी पुरी केली, आणि त्या गिऱ्हाइकाने पुढे दोन दिवस गालाला पट्टी लावली होती.

सलून म्हणजे नुसती खुर्ची आणि कात्री नव्हे. सलून चालतं ते कुरकुरीवर. आमच्या गल्लीतली सगळी कुरकुर पूर्वी थोरल्यांकडे जमायची. निवृत्त पोस्टमास्तर हे तिचे अध्यक्ष. पाणीपट्टी का वाढली, नवा कारंजा कुणाच्या मेव्हण्याने बांधला, तो कोरडा का, रस्ता आधी गुळगुळीत करून मग पाइपासाठी का खणला, या सगळ्याचा समाचार तिथं घेतला जायचा. कुरकुरता कुरकुरता माणसाला गालावर हात फिरवून आठवायचं की दाढी वाढलीय. तेच थोरल्यांचं उत्पन्न होतं.

बाक आलं आणि कुरकुर रस्त्यापलीकडे गेली. उन्हात पाय पसरून, मोकळ्या हवेत सरकारला शिव्या द्यायची मजा काही वेगळीच. पोस्टमास्तर तर रोज थोरल्यांच्या दुकानात यायचे, टेबलावरचं वर्तमानपत्र उचलायचे आणि "आलोच" म्हणून समोर बाकावर जाऊन बसायचे. पेपर थोरल्यांचा, बाक थोरल्यांच्या करातलं आणि दाढी धाकट्यांकडे. दोन महिन्यांत थोरल्यांच्या दुसऱ्या खुर्चीवर चादर पडली. तिच्यावरचा कारागीर त्यांनी कमी केला. पहिल्या खुर्चीचंही काही खरं नव्हतं. मागच्या महिन्याचं भाडं बायकोच्या बांगड्यांतून गेलं, हे मला त्यांनी सांगितलं नाही, बायकोच्या मोकळ्या मनगटाने सांगितलं.

त्यावर कडी म्हणजे दुपारचं जेवण आटोपलं की त्यांची ही बायको समोर जाऊन बाकावर बहिणीशेजारी बसायची. दोघी शेंगा सोलायच्या, हसायच्या. थोरले आरशात बघायचे.

"अगं, घरी जागा नाही का बसायला?" त्यांनी एकदा विचारलं.

"आहे की. पण तिथं तुम्ही असता," बायको म्हणाली. "आणि कर आपणच भरतो ना? मग एक माणूस तरी वसूल करतंय."

त्या दिवशी थोरल्यांनी ठरवलं, बाक इकडे आणायचं. गिऱ्हाईक परत आणायचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. अर्जावर दोन नागरिकांच्या सह्या लागतात. एक त्यांची, दुसरी माझी. म्हणून पालिकेच्या कचेरीत मीही त्यांच्याबरोबर हेलपाटे घातले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं, आणि सुट्टी संपेपर्यंत कचेरी बंद व्हायची वेळ झाली. शेवटी एका कारकुनाने आम्हाला नीट समजावलं. माणूस भला होता, उगाच खोटं कशाला बोलू.

"बाक इकडून तिकडे करायला आमच्याकडे खातंच नाही," तो म्हणाला. "काढायचं खातं वेगळं, बसवायचं वेगळं. दोन अर्ज करावे लागतील. काढणारे साहेब आज आहेत. बसवणारे प्रशिक्षणाला गेलेत."

"कधी येतील?"

"आले की येतील. काका, माझं ऐका. ते आल्यावर आधी बसवण्याचा अर्ज मंजूर करून घ्या, मग काढण्याचा द्या. आमच्याकडे काढायचं काम पटकन होतं. बसवायचं तसं नाही."

इतकं स्पष्ट कुणी आपल्या सख्ख्या भावालाही सांगणार नाही. मी थोरल्यांचा हात दाबला. म्हटलं, "थांबू या."

थोरल्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्यांना बहुतेक तिथंही तो आरसा दिसत असावा. "काढण्याचा आजच घ्या," ते म्हणाले. "ते एकदा त्याच्या दारातून हलू दे. मला मिळायला वेळ लागला तरी चालेल."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं मी ऐकून होतो. खिशातून पेन काढून त्यासाठी रीतसर अर्ज करणारा मी पहिल्यांदाच पाहिला. आणि त्या अर्जावर दुसरी सही माझी होती, कारण मला घरी जायचं होतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. हे काम आठवडाभरात झालं. ट्रक आला, तीच चार माणसं उतरली, बाक उचललं आणि गेलं. पोस्टमास्तर अर्धवट वाचलेला पेपर हातात धरून उभेच राहिले. धाकटे बाहेर येऊन विचारत होते, "अहो, कुठं नेताय? काय झालं?" कुणालाच काही सांगता येत नव्हतं. इकडे थोरले माझी हजामत करत होते. आरशात ट्रक दिसेनासा झाला तसे ते शीळ घालायला लागले. त्या दिवशी माझे दोन्ही कल्ले एका रेषेत आले. इतकी सुंदर हजामत त्यांनी माझी पुन्हा कधी केली नाही.

सुख चार दिवस टिकलं. गिऱ्हाईक काही परत आलं नाही. धाकट्यांनी घरातल्या दोन खुर्च्या दाराबाहेर टाकल्या आणि कुरकुर तिथंच पुढे चालू झाली. उलट तिला ताजा विषय मिळाला, की आपल्या पैशांनी आणलेलं बाक पालिकेने आपल्या पैशांनीच का नेलं. पोस्टमास्तरांनी त्यावर सलग तीन दिवस भाषण केलं. थोरल्यांना वाटायचं, उठावं आणि सांगावं. पण सांगणार काय?

बसवण्याच्या खात्याचे साहेब प्रशिक्षणाहून आले ते आजारी रजेवर गेले. रजेवरून आले तेव्हा वर्षाचा निधी संपला होता. शिवाय आमच्या बाजूचा फुटपाथ मोजायला माणूस यायचा होता. थोरले दुकानाला कुलूप लावून दर सोमवारी कचेरीत जायला लागले. कुलूप दिसलं की त्यांचं उरलंसुरलं गिऱ्हाईकही रस्ता ओलांडायचं.

अशाच एका सोमवारी मी त्यांच्याबरोबर होतो. कचेरीच्या बोळात, बसवण्याच्या खिडकीसमोर लोकांना बसायला एक बाक ठेवलं होतं. थोरले त्यावर टेकले, मागे रेलले आणि पाठीला टोचलं म्हणून वळून बघितलं. संगमरवरी पाटी, नगरसेवकांचं ठसठशीत नाव, खाली बारीक खर्च. थोरल्यांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ते पुन्हा सरळ होऊन बसले. उठून तरी कुठं जाणार? नंबर गेला असता.

तेवढ्यात समोरून धाकटे आले. हातात डबा होता. माफी योजनेचा तो शेवटचा दिवस, म्हणून थकलेला कर भरायला ते आले होते.

"दादा, ताईने डबा दिलाय. सकाळी तसेच निघालात म्हणाली." ते थोरल्यांशेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनीही पाटी बघितली, मग खिडकीवरची अक्षरं बघितली आणि मग थोरल्यांच्या मांडीवरचा अर्ज.

"ताई बोलली होती मला," धाकटे हळूच म्हणाले. "मला खरं नव्हतं वाटलं."

थोरले डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले. मी भिंतीवरची सूचना वाचायला लागलो. आता इथं काय होतं आणि आपण मध्ये पडायचं की नाही, याचा विचार करत होतो. धाकट्यांचा आवाज मात्र चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं थोरले मला नंतर म्हणाले.

"दादा, तुम्ही मला एकदा सांगायचं होतं," धाकटे म्हणाले. "बाक काही जमिनीत पक्कं केलेलं नव्हतं, नुसतं ठेवलेलं होतं. मी, तुम्ही, पोस्टमास्तर, हे फ्रेमवाले. चौघांनी उचलून तुमच्या दारात ठेवलं असतं. दुपारी दोघी बहिणी तिकडे बसल्या असत्या, एवढंच."

मग त्यांचा नंबर आला आणि ते पलीकडच्या खिडकीशी गेले. दंड माफ झाला, व्याज माफ झालं. साहेबांनी हसून पावती दिली. जाताना त्यांनी आमच्याकडे बघून हात केला.

थोरल्यांनी मांडीवरच्या अर्जाची घडी केली. त्यांनी डबा उघडला नाही. मला वाटलं, आता हा माणूस पश्चात्तापाचं काहीतरी बोलणार. मी तयारीही केली, खांद्यावर हात ठेवायची.

"चौघांनी उचललं असतं," ते म्हणाले. "हे मला सुचायला हवं होतं हो. थोरला मी आहे."