शेजारचे लॉर्ड आणि जर्मनीतला किल्ला

"तो लॉर्ड आता कायमचा जातोय म्हणे, जर्मनीला, आपल्या किल्ल्यात! मुलीनं तर..."

एवढं ऐकू आलं आणि बस आली. स्टॉपवर माझ्यापुढे दोन बायका बोलत होत्या. बोलत होत्या इंग्लिशमध्येच, पण मी सगळं आपल्या भाषेत सांगते. तर, मुलीनं काय? मला जायचं होतं मार्केटला, बस होती हॉस्पिटलची. तरी चढले! दोघी टकाटक बसच्या वरच्या मजल्यावर गेल्या. माझ्या गुडघ्यानं जिन्याकडे बघून नकार दिला. उगाच हॉस्पिटल बघून परत आले.

"दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकायला तू चुकीच्या बसमध्ये चढलीस?" हे म्हणाले.

"दुसऱ्यांच्या कशा? शेजारी आहेत आपले!"

शेजारी लॉर्ड असला की किस्से कसे साठतात सांगू? आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात तसे. टाकवत तर नाहीत, आणि झाकण उघडल्याशिवाय कशात काय आहे ते आठवत नाही. आता उघडतेच एकेक.

*

आम्ही राहतो केंब्रिजच्या कडेला, सेमी-डिटॅच्ड घरात. म्हणजे दोन घरांना मधली भिंत एक. त्यांची शिंक आमच्या देवघरात ऐकू येते. आम्ही राहायला आलो तेव्हा ते प्लमच्या जॅमची बाटली घेऊन आले, "मी रूपर्ट" म्हणाले आणि गेले. लॉर्ड आहेत, घराणं प्रिन्सचं आहे, हे आम्हाला पोस्टमननं सांगितलं.

"लॉर्ड असता तर सेमीत राहिला असता का?" हे म्हणाले.

मी कुंपणावरून सरळ विचारलं, "तुम्ही लॉर्ड आहात?"

"हो. पण त्यानं घर गरम होत नाही."

"आणि प्रिन्स पण?"

"पणजोबा होते. जर्मन. पहिल्या महायुद्धात इथल्या राजानं सांगितलं, जर्मन पदव्या सोडा. त्यांनी सोडली. सकाळी प्रिन्स होते, दुपारी नुसते लॉर्ड."

"अगं बाई! केवढा धक्का बसला असेल!"

"जेवायला वेळेवर आले होते," लॉर्डसाहेब म्हणाले.

*

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या. त्यांना इंग्लिश येत नाही, त्यामुळे दुभाषी मी. शेजारी लॉर्ड राहतो म्हटल्यावर त्यांनी चांगली साडी नेसली, कुंपणाशी गेल्या आणि पहिलाच प्रश्न टाकला, "जमीन किती?"

मला लाज वाटली, पण विचारलं.

लॉर्डसाहेबांनी मान वळवून बागेकडे नीट बघितलं. "एकराचा आठवा हिस्सा. शेड धरून."

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "पाच गुंठे!" माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याच्यापेक्षा आपला गवळी मोठा जहागीरदार आहे की गं!"

त्या दिवसापासून मात्र त्या त्यांच्यासाठी रोज एक पोळी जास्त लाटायला लागल्या. पाच गुंठ्यांत भागतं कसं बिचाऱ्याचं, म्हणून.

*

माया लागली की सासूबाई चौकशी करतात. आजोळ कुठलं, आत्या कुठे दिल्या, मामांचं काय चालतं. इथे अशी चौकशी कोण करणार? लॉर्डसाहेब इतके खूश झाले, की घरी जाऊन वंशावळीची गुंडाळीच घेऊन आले. उलगडली ती आमच्या डायनिंग टेबलावरून थेट चपलांच्या रॅकपर्यंत गेली!

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. हा कोण, ही कोणाची, मी नावं वाचतेय, त्या बोट फिरवतायत. एका जागी बोट थांबलं.

"ही याच्या सख्ख्या चुलत्याची मुलगी ना? आणि लग्नाची रेघ यांच्या दोघांच्यात कशी?"

"आई, असू दे हो."

"विचार त्याला! मामाची मुलगी असती तर मी एक शब्द बोलले नसते."

विचारलं. लॉर्डसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, त्या रेघेवर धरला. "बरोबर आहे. त्या वेळी जर्मनीत प्रोटेस्टंट राजकन्यांचा तुटवडा होता."

मी भाषांतर केलं. सासूबाईंना अजिबात पटलं नाही.

"तुटवडा होता तर तालुका बदलायचा!"

*

त्यांची एकुलती एक मुलगी हेलन. लग्न केलेलं नाही. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मॅनेजर होती, नुकतीच रिटायर झाली. चाळीस जणींना कामाला लावायची सवय, आणि आता समोर माणूस एकच. दर शनिवारी येणार. एका शनिवारी तिनं किचनमधल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली. एकावर "चहा", शेजारच्यावर "चहा नव्हे".

हिवाळ्यात लॉर्डसाहेब मागच्या पायरीवर बर्फात घसरले. मोडलं काही नाही, पण हेलननं घरभर धरायला दांडे बसवून घेतले. जिन्यात, बाथरूममध्ये, पलंगाला. बागेत सफरचंदाच्या झाडाशीसुद्धा एक!

"आता मी कुठेही पडू शकत नाही," लॉर्डसाहेब मला म्हणाले. "तेवढी जागाच उरलेली नाही."

*

आणि मग ते बसस्टॉपवरचं अर्धवट वाक्य. मला झोप येईना. शेवटी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. खिचडी गरम असली की माणूस फार लपवत नाही.

"तुम्ही किल्ल्यात राहायला जाणार?"

"किल्ला आहे," ते म्हणाले. "चुलतभावाला त्याच्या छपराचा खर्च झेपेना. त्यानं तिथे वृद्धाश्रम काढलाय. हेलननं माझं नाव घातलंय. आधी एक आठवडा राहून बघायचं, ती सोबत येतेय. मग कायमचं. पणजोबांचीच बेडरूम मिळणार."

"अय्या, छान की!"

"तिघांत मिळून."

त्यांनी दोन घास खाल्ले.

"मला जायचं नाही. इथे सकाळी भिंतीतून तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तिथे भिंतीपलीकडे खंदक आहे."

"मग हेलनला सांगा ना तसं!"

"हेलनला नाही म्हणायचं?" चमचा हवेत थांबला. "ते आजवर कोणी केलेलं नाही."

"तू यात पडू नकोस," हे मला म्हणाले. नाही पडले. प्रवासाला लिंबाचं लोणचं तेवढं दिलं.

*

गेले. हेलन टॅक्सीत पुढे बसली, लॉर्डसाहेब मागे, मांडीवर हॅट. आठवडाभर पलीकडे एक शिंक नाही. मला नावं ठेवणारे आमचे हे, एकदा मीच त्यांना भिंतीला कान लावताना पकडलं!

"उंदीर आहे का बघतोय," म्हणाले.

पुढच्या रविवारी टॅक्सी थांबली. मी हातातलं पीठ न धुताच बाहेर. लॉर्डसाहेब उतरले. एकटेच.

"घर आवरायला आलात?" माझा आवाज चिरकला.

"नाही. राहायला."

"आणि हेलन?"

"ती तिथेच राहिली. कायमची. त्यांची मॅनेजर अचानक सोडून गेली होती. सूप गार, औषधं उशिरा, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, 'हेलन, या बिचाऱ्यांचं कसं होणार?' मंगळवारी तिनं किचन ताब्यात घेतलं. गुरुवारी चुलतभावानं तिला नोकरी दिली."

म्हणजे बसस्टॉपवरच्या बायका अगदीच खोट्या नव्हत्या! किल्ला खरा, कायमचं जाणंही खरं. माणूस तेवढा चुकला.

"पण व्हिसा?" मी विचारलं. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न तोच.

"पणजोबांना पदवी सोडायला सांगितलं होतं. जर्मन पासपोर्टचं कोणी काही बोललं नव्हतं. तो हेलनकडेही आहे."

"पण एकुलती एक मुलगी हो! तिला परक्या देशात एकटीला ठेवून आलात?"

लॉर्डसाहेबांनी बॅग खाली ठेवली, हॅट काढली.

"आमच्या घराण्यात पूर्वीपासून असंच चालत आलंय. राज्य धोक्यात आलं की मुलीला परदेशातल्या किल्ल्यात पाठवायचं."