दोन बोटं पाणी

तोंड उघडण्याआधी मामा उजव्या हाताची दोन बोटं आडवी धरून पुढं करायचे. "साहेब, लई न्हाय मागत. एवढंच उघडं ऱ्हाऊ द्या."

मी साहेब वगैरे कुणी नव्हतो. नळदुर्गच्या पलीकडं एका धरणावर दरवाजे चालवायचो. वरून फोन आला की दरवाजा उचलायचा, फोन आला की टाकायचा. मामा खालच्या वस्तीतले, जन्मभर नदीत जाळं टाकलेले. नदीकाठी राहत असाल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, दहा मिनिटं बोलला तर नऊ पाण्याबद्दलच बोलणारा.

पावसाळ्यात धरण भरत आलं की आम्ही एकदम पाणी सोडायचो. नदी दुथडी भरायची, मासे काठाच्या उथळ पाण्यात, गवतात अंडी घालायचे. मग पाऊस थांबायचा, फोन यायचा आणि आम्ही दरवाजा पुरता बंद करायचो. संध्याकाळपर्यंत काठ उघडा पडायचा. डोह एकमेकांपासून तुटायचे आणि कोंडलेल्या गरम पाण्यात मोठे मासेही तोंड वर काढून धापा टाकायचे. मामांनी मला एकदा खाली नेऊन हे दाखवलं. वाळलेली अंडी त्यांनी तळहातावर घेतली, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी. तोवर मला वाटायचं, दरवाजा नीट बसला की माझं काम संपलं.

मी त्यांना अर्ज लिहून दिले. कार्यालयानं कळवलं, नदीत सतत पाणी सोडण्याची तरतूद नाही. मामा मासळीच्या खात्यात गेले, तर तिथं म्हणाले, पाणी आमच्या हातात नाही. एकदा मोठे अभियंते पाहणीला आले, तेव्हा मामा कोंडलेल्या डोहातले, अंगावर लाल चट्टे उठलेले मासे बादलीत घेऊन उभे राहिले. अभियंत्यांनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, जनावरांच्या डॉक्टरला दाखवलंत का? सगळे हसले. मीही हसलो. ते अजून सलतं.

पुढच्या पावसाळ्यात फोन आल्यावरही मी दरवाजा चार दिवस जरासा उचललेला ठेवला. पाणी हळूहळू उतरलं. मामा रोज येऊन बसायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला काठाशी बसवून केसासारखी बारीक पिलं दाखवली, थव्यानं वळणारी. आठवड्यात मला नोटीस आली, आदेश का मोडला म्हणून.

त्यानंतर पुन्हा बंदचा फोन आला, त्या दिवशी मामा धरणावरच्या माझ्या चौकीवर हजर. मला वाटलं, मागायला आलेत.

"पुरं टाका दार," ते म्हणाले. "तुमची नोकरी जाईल. तुम्हाला लेकरं हायेत."

मी दार टाकलं. ते नदीकडं वळलेच नाहीत, सरळ घरी गेले.

पुढं हायवेवरच्या एका ढाब्यामागं ते मासे साफ करताना दिसले. लांबून, बर्फाच्या पेट्यांतून ट्रकनं आलेले मासे. मी विचारलं, मामा, हा कुठला मासा?

"तळ्यातला असंल," ते खाली बघूनच म्हणाले. "ह्याला नदी ठाव न्हाय."

गेल्या महिन्यात मुद्दाम थांबलो, तर त्यांच्या जागी एक बाई बसली होती. मालक म्हणाला, म्हातारा वारला, महिना झाला. मग त्यानं विचारलं, तुमचे कोण लागत होते?

ओळखीचे, एवढंच म्हणालो आणि न जेवता उठलो.