घोटभर पाणी

आमच्या गारखेड्यात दलाली करणारे प्लॉटवाले मामा प्लॉट बघायचेच नायत. गिऱ्हाईक प्लॉटपुढचा रस्ता बघायचं, आणि मामा शेजारच्या घरी जाऊन म्हणायचे, "ताई, घोटभर पाणी मिळंल का?"

तांब्याभर आलं की, "घेऊन टाका, भाव चढणार!" अर्धाच ग्लास आला की, "चला मियाँ. इथं पाण्याची मारामार, भाव काय चढतो!"

मी त्यांची नक्कल लई भारी करायचो. मान तिरकी, आधी घसा खाकरायचा. मामाच पोट धरून हसायचे.

पैठण रोडला त्यांनी स्वतः घर बांधलं होतं, तिथंच राहायचे. ते विकून पोरीचं लग्न करायचं होतं. "जरा थांब, सोनं होतंय बघ ह्या घराचं," मला म्हणायचे. गिऱ्हाईक काय फिरकत नव्हतं.

एकदा मी मामांबरोबर पहिल्यांदाच त्या घरी गेलो. दारातूनच घसा खाकरून त्यांच्या आवाजात म्हणालो, "ताई, घोटभर पाणी मिळंल का?" मामा खो खो हसले.

पोरीनं पाणी आणलं. अर्धा ग्लास.

मामांचं हसू विझलं. ग्लासाकडं बघत हळूच म्हणाले, "थांबलास का? कर की नक्कल. पुढं काय म्हणतो मी?"