नंदामावशींचं अठराशे अठ्ठेचाळीस

सकाळचा चहा गाळून झाला की नंदामावशी इंग्रजी पेपर ओट्यावर पसरायच्या आणि शब्दाखाली बोट ठेवून एक मथळा मोठ्यानं वाचायच्या. रोज एकच. नागपुरात सातवीला सुटलेली शाळा त्या साठीनंतर, परदेशात क्लेमेंटी नावाच्या उपनगरात मुलाच्या फ्लॅटमध्ये पुढे शिकत होत्या. त्याच फ्लॅटमधली एक खोली मी भाड्यानं घेतली होती.

माझा प्रबंध फ्रान्समधल्या १८४८ या एका वर्षावर होता. पोळ्या लाटताना मावशी ते वर्ष माझ्याकडून ऐकत. फेब्रुवारीत राजा पळाला, चौकांत स्वातंत्र्याची झाडं लावली, एप्रिलमध्ये वसाहतींमधली गुलामगिरी संपवली.

"म्हणजे आपल्या पुण्यात मुलींची शाळा निघाली तेच साल," त्या म्हणाल्या, जणू दोन्ही गावं शेजारची.

दर चौदा एप्रिलला इथली आपली माणसं एक हॉल घेऊन जयंती करत. मुलगा रत्नदीप दरवर्षी म्हणे, "आई, दोन शब्द बोल." आणि मावशी दरवर्षी वाढपात लपत. २००६ साली मात्र त्या स्वतःच म्हणाल्या, "एकदा माइकसमोर उभं राहून बघते." मी १८४८ वर एक पान लिहून दिलं. त्यांनी ते पाठ केलं.

आदल्या दिवशी लाटणं थांबवून त्यांनी विचारलं, "तिथल्या बायकांनी मत कोणाला दिलं, बाई?"

"बायकांना मत नव्हतं, मावशी. ते १९४४ मध्ये मिळालं."

"मग 'सर्वांना मत मिळालं' असं काऊन लिहिलंस?"

"पुस्तकांत तसंच लिहितात."

"पुस्तकवाल्यांच्या घरी बायका नव्हत्या वाटते."

त्यांनी हात पुसले. "खोटं पाठ केलं मी. उद्या नाही बोलणार."

"एवढं कोण बघतंय, आई?" रत्नदीप म्हणाला.

"मी बघते ना."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांचं नाव पुकारलं. रत्नदीप नको म्हणायला हात वर करणार, तोच त्या उठल्या. हातात कागद नव्हता. माइकसमोर जाऊन त्यांनी जय भीम केला. मग म्हणाल्या, "फ्रान्समध्ये पुरुषांना मत मिळालं अठराशे अठ्ठेचाळीसला. बायकांनी पुढं शहाण्णव वर्षं वाट बघितली. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. पण देशाच्या पहिल्याच निवडणुकीत तिनं मत दिलं, माझ्या बापाच्याच रांगेला लागून. तिला थांब म्हणणारं कोणी नव्हतं. हे ज्यांनी केलं, त्यांचे आभार मानायला मी उभी राहिली." आणि त्या बसल्या.

माझ्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण मी त्या आठवड्यात नव्यानं लिहायला घेतलं. त्यात जे काही बरं आहे, ते त्यांच्या एका प्रश्नामुळे.

मे महिन्यात मावशी नागपूरला परत गेल्या आणि त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी वारल्या. विमानतळावर आत जाताना त्या मला म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी माझं भाषण जेवणाच्या आधी ठेवायला सांग रत्नदीपला. जेवण झालं की माणसं पेंगतात."