कुलूपकाकांच्या नावावरची ओळ

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं की तिसऱ्या मजल्यावरून खालचा रस्ता दिसेना. कुलूपकाकांनी आल्या आल्या सर्व्हरच्या खोलीत जाऊन सगळ्या कामाची रात्रीची राखीव कॉपी नीट उतरली का ते पाहिलं आणि बाहेर पडताना दार दोनदा ओढून बघितलं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांना खपलंही नसतं.

कंपनी लिफ्टचे प्रोग्राम लिहायची. बावीस वर्षं ब्रेकचा प्रोग्राम काकांकडे. कोणी कधी काय बदललं याची नोंद सबव्हर्जनमध्ये राहायची: सगळ्यांचा कोड एकाच सर्व्हरवर, आणि एकानं फाइल घेतली की तिला कुलूप. कुलूप ज्याचं त्यानंच काढायचं, हा नियम काकांचा. नाव पडलं ते त्यावरूनच.

नव्या मॅडमना मात्र गिट आणायचं होतं.

"काका, त्यात प्रत्येकाकडे अख्ख्या इतिहासाची कॉपी असते. सर्व्हर बसला तरी काम अडत नाही. दोघं एकच फाइल बदलू शकतात, मागाहून जुळवायचं."

"जुळवणार कोण? भांडणार कोण ते विचारा. आणि त्यात स्वतःचं नाव स्वतःच टाइप करायचं म्हणे. उद्या मी तुमच्या नावानं काय वाटेल ते लिहीन."

"सही लावता येते की."

"येते हो. लावतं कोण?"

मॅडम हसल्या. काका हसले नाहीत. बाई एवढी गोड बोलतेय म्हणजे आत काहीतरी शिजतंय.

त्याच आठवड्यात एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली. कुणाला इजा झाली नाही, पण चूक निघाली ब्रेकच्या फाइलमधली, दोन वर्षांपूर्वीची. मॅडमनी जुना इतिहास गिटमध्ये आणून पाहिला होता. तिथं त्या ओळीपुढे काकांचं नाव.

"ओळ ज्याची, त्याला ब्रेकच्या कामातून काढावं लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या.

रात्री घरी काकांनी ताट पुढे सरकवलं. "इतिहास हलवताना नावं बदलली त्या बाईनं. दुसऱ्याचं पाप माझ्या माथी."

"तुम्ही बघितलंत?" बायकोनं विचारलं.

"त्यात बघायचंय काय?"

"मग आधी बघा. आणि भाजी वाढून घ्या."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भोवती उभं करून काकांनी आपला जुना सर्व्हर उघडला. मॅडमची लबाडी त्यांना पकडायचीच होती. ओळ तीच. नाव तेच. काकांचंच.

मग त्यांची नजर तारखेवर गेली. त्या दिवशी ते मोतीबिंदू काढून डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडले होते. त्यांनी एकेक तोंड निरखायला सुरुवात केली. चौदा वर्षं समोर बसणाऱ्या चष्मेवाल्यानं कप खाली ठेवला.

"काका, मीच तो. तुम्ही रजेवर, फाइल कुलपात, गिऱ्हाईक बोंबलतंय. तुमच्या ड्रॉवरमध्ये पासवर्डची चिठ्ठी होती. तुमच्या नावानं शिरलो."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. तुम्ही आलात ते 'माझ्या फाइलला कुणी हात लावला?' असं विचारतच. जीभच उचलेना."

"आणखी कोण कोण शिरलंय?"

दोघं आपापल्या कीबोर्डकडे बघू लागले, एकजण खिडकीबाहेर.

काकांनी चिठ्ठी काढली, फाडली आणि तुकडे दोन वेगळ्या टोपल्यांत टाकले. "आणा तुमचं गिट," ते मॅडमना म्हणाले. "पण सहीशिवाय एक ओळ आत घ्यायची नाही. आणि सह्या मी तपासणार."

"मान्य. ब्रेक तुमच्याकडेच. चष्मेवाले दारांच्या कामावर जातील."

"इतक्या चटकन मान्य?"

"काका!"

"विचारलं आपलं."

ते जागेवर बसले. तक्रारींच्या यादीत पहिलीच होती: मजल्यावरून पुन्हा निघताना लिफ्टचा ब्रेक सुटायला आठ सेकंद लागतात, सहा हवेत. काकांनी फाइल उघडली, आठाचे सहा केले आणि चाचणी लावली.