वॉशरबाईनं जिंकलेला डाव

खिळे, कुलपं, नळ विकणाऱ्या त्या विधवेला सगळे वॉशरबाई म्हणत. नळामागं एक रबरी वॉशर फुकट, वर चार शिव्याही फुकट. "पुन्हा आलास तर तंगडं मोडीन," म्हणत ती वॉशर हातावर आपटायची. वीस वर्षांचं गिऱ्हाईक असलेला प्लंबर तर "कंजूष म्हातारे, आणखी एक दे की," म्हणून भांडायचा आणि जाताना पाइपांची अख्खी ऑर्डर देऊन जायचा. त्याच्या ओळखीचे बाकीचे प्लंबरही तिथंच यायचे. दुकान चालत होतं ते या लोकांवर.

तिच्या डोळ्यांत सलायचा तो दीर. नवरा गेल्यावर अर्धं दुकान त्याच्या नावावर झालं, आणि स्वारी दिवसभर कॉम्प्युटरवर दुकान-दुकान खेळते! खेळात याच्या तीन शाखा, खरं शटर उचलायचं म्हटलं की कंबर दुखते. आयतोबा मेला!

"वहिनी, फुकट वाटून नफा बुडवता तुम्ही," तो एकदा म्हणाला. "भाव मी ठरवणार. नाहीतर माझा हिस्सा विकतो."

"अक्कल कुठून आली? त्या डबड्यातून?"

"त्याच डबड्यात हरवा मला. खेळातले तीस दिवस. ज्याचा नफा जास्त, त्यानं दुकानातले भाव ठरवायचे."

तिनं डोक्यात राख घालून घेतली आणि खुर्ची ओढली.

आधी त्यानं स्वतःचे तीस दिवस खेळून दाखवले: रोज बाजारभाव बघायचा, त्यावर दहा टक्के लावायचे. तिनं पहिले तीन दिवस स्वस्तात विकलं आणि मार खाल्ला. चौथ्या दिवशी पडद्यावरचा एक टकल्या "लूट आहे!" ओरडून निघून गेला आणि पाचव्या दिवशी तोच टोपली घेऊन हजर. अगं बाई, याला कालचं काही आठवतच नाही! मग तिनं बल्बचे भाव चौपट केले, साबणाचे तिप्पट. दहातले सहा ओरडून जायचे, चौघं मुकाट घ्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाही दारात. महिनाअखेर तिचा नफा दिराच्या दुप्पट.

दिराचं तोंड उतरलं. "मग हे दुकानात का नाही करत?"

"अक्कल असती तर विचारलं नसतंस," ती म्हणाली आणि उठून गेली. का ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण या गाढवाला समजावून कोण सांगणार?

दोन दिवसांनी ती दात काढून घ्यायला गेली. दीर गल्ल्यावर बसला. परतली तर तो खुशीत. "तुमचा प्लंबर आला होता, ओलाचिंब. कुणाच्या तरी घरात पाणी भरलं होतं. मेन व्हॉल्व्ह तिप्पट भावानं दिला, वॉशरचे पैसे वेगळे घेतले. तुमचीच पद्धत, वहिनी!"

तिचा अर्धा गाल बधिर होता. "काय म्हणाला तो?"

"काही नाही. ओरडलासुद्धा नाही."

"मेल्या, सत्यानाश केलास!" ती किंचाळली. ती त्याच्यावर कितीतरी वेळ ओरडत राहिली, पण शिकवलं तिनंच होतं, हे तिला कळत होतं आणि त्याचाच संताप जास्त होता.

त्या आठवड्यात एकही प्लंबर फिरकला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मग एका सकाळी तिचा तो जुना प्लंबर समोरच्या दुकानातून पाइप खांद्यावर घेऊन निघाला. तिनं मूठभर वॉशर उचलले आणि त्याला रस्त्यावरच गाठलं.

"ए भिकारड्या, धर! फुकट आहेत!"

तो थांबला. पाइप सावरला.

"नको ताई, आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

वीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच आदरानं बोलला होता.