आख्येचा खरेपणा

हॉलंडमधल्या हार्लेम शहरात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका श्रीमंत विधवेनं निराधार बायकांसाठी अंगणाभोवती खोल्या बांधून दिल्या होत्या. लोकांचं कापड धुऊन शुभ्र करण्यात जन्म गेलेल्या आख्येला म्हातारपणी त्यातली एक मिळाली. भाडं नाही, शिवाय हिवाळ्याला जळण. अट एकच, रात्री फाटक लागल्यावर आत पुरुष नको.

मेनोनाइट माणूस कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही. त्याचं हो म्हणजे हो. आख्ये त्यातही वरताण. शेजारच्या लिस्बेटनं हौसेनं नवी टोपी दाखवली, तर "तुला शोभत नाही" म्हणून मोकळी झाली. तरी लिस्बेटचं तिच्यावाचून पान हलत नसे.

त्या हिवाळ्यात लिस्बेटचा खलाशी मुलगा जहाजावरून तापानं फणफणत आला आणि तिनं त्याला खोलीत लपवलं. अंगणातल्या सगळ्या बायकांनी तोंडाला कुलूप लावलं. आख्ये स्वतः त्याला ताकातली पेज नेऊन देई.

बाहेरच्या कुणीतरी कागाळी केली आणि देखरेख करणाऱ्या व्हान होर्नबाई चौकशीला आल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. आख्येच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हाला काही दिसलं नसेल, तर मी परत जाते. तुमचा शब्द मला पुरे."

आख्ये काही बोलली नाही, तेव्हा त्या जायला वळल्याही. पण गप्प राहणं म्हणजे खोटंच, असं आख्येला वाटलं. शिवाय आपल्या शब्दाला एवढी किंमत आहे हे ऐकून ती सुखावली होती, हेही खरं.

"मुलगा आहे आत," ती म्हणाली.

लिस्बेटला खोली सोडावी लागली. हातगाडीवर तिची खुर्ची, शेगडी आणि पांघरुणात कुडकुडणारा मुलगा. आख्ये फाटकापर्यंत गेली आणि मला खोटं बोलता येत नाही, असं काहीतरी पुटपुटली.

"खोटं बोल असं मी कुठे म्हणते?" लिस्बेट म्हणाली. "रोज जेवणाआधी डोळे मिटून मनातल्या मनात देवाशी बोलतेस, सूप गार होईतो गप्प असतेस. तेवढंच गप्प बसायचं होतंस गं."

ती कुठे गेली, मुलगा जगला का, आख्येला कधीच कळलं नाही. तिला फार पस्तावा झाला. जेवायला बसून डोळे मिटले की लिस्बेटचा आवाज ऐकू येई. त्या पंथात प्रार्थना मुक्यानंच करायची, पण आख्ये ती मोठमोठ्यानं म्हणू लागली. नव्या शेजारणीला वाटे, म्हातारीला भ्रम झालाय.